तोडलेल्या शोभिवंत पानांचे आयुष्य

पुष्परचना म्हटली की लक्ष जाते ते फुलांकडे. परंतु रचनेला भरीवपणा येतो तो पानांमुळे. कामिनीच्या डहाळ्या, ॲस्परॅगसचे तुरे, नेफ्रोलेपिस नेचा व अरेका पाम यांचा उपयोग पुष्पगुच्छांत आणि मंडपसजावटीत होत असतो. यांपैकी काही वनस्पती बागेच्या विरळ सावलीतही वाढतात. त्यामुळे अल्पभूधारकास त्यांपासून पूरक उत्पन्न मिळू शकते. मात्र शेतात टवटवीत दिसणारी जुडी बाजारात पोहोचेपर्यंत कोमेजली, तर वर्षभराचे श्रम वाया जातात. हे नुकसान बहुतांशी टाळण्याजोगे आहे.

तोडलेले पान जिवंतच असते. त्याचे श्वसन चालू राहते आणि पर्णरंध्रांवाटे पाण्याची वाफ बाहेर पडत असते. मुळांकडून होणारा पुरवठा तेवढा तुटलेला असतो. देठाच्या छेदातून हवा आत शिरते, तसेच अस्वच्छ पाण्यातील जिवाणू वाढून सूक्ष्म जलवाहिन्या बुजवितात. पाण्यात उभे असूनही पान सुकते, याचे एक प्रमुख कारण हेच होय.

यास्तव काढणीपासूनच दक्षता घ्यावी. कोवळी पालवी लवकर माना टाकते. म्हणून पूर्ण वाढ झालेली, निरोगी पानेच निवडावीत. काढणी सकाळच्या गारव्यात, धारदार कात्रीने करावी आणि देठ लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवून बादली सावलीत न्यावी. जुड्या बांधण्यापूर्वी देठाचे टोक २ ते ३ सेंटिमीटर तिरके छाटावे व पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत.

जिवाणूंना आळा घालण्यासाठी १० लिटर पाण्यात ५ टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट १० मिलिलिटर मिसळावे. या द्रावणात सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस घालू नये. त्यामुळे विषारी क्लोरीन वायू सुटू शकतो. बादल्या रोज घासून धुवाव्यात.

शीतगृहाच्या बाबतीत सर्व पानांना एकच नियम लावणे चुकीचे ठरते. ॲस्परॅगसला २ ते ४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. डिफेनबाखियाला मात्र १३ अंशांच्या आसपास ठेवावे लागते, अन्यथा थंडीने इजा होते. पिकणाऱ्या फळांशेजारी पाने साठवू नयेत. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने काही जातींची पाने पिवळी पडतात किंवा गळतात.

या उपायांना मोठे भांडवल लागत नाही. शिक्षकांनी एकाच झाडाच्या दोन डहाळ्या घेऊन एक स्वच्छ पाण्यात व दुसरी गढूळ पाण्यात ठेवावी. कोणती अधिक दिवस टिकते, याची नोंद विद्यार्थ्यांनाच करू द्यावी. माल एकत्र करण्याच्या ठिकाणी सावली व स्वच्छ पाणी यांची सोय ग्रामपंचायतीने केली, तर उत्पादकाचा माल बाजारात ताजा पोहोचेल आणि त्याच्या श्रमाचे मोल त्याच्या पदरी पडेल.