खेळातील उत्तेजके : सर्वांनाच परवानगी दिली तर?



वसई तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव असो की वसई-विरारची मॅरेथॉन, आपल्या घरांतून कोणी ना कोणी मैदानात उतरलेला असतोच. त्यामुळे उत्तेजक द्रव्यांचा प्रश्न आता ऑलिंपिकपुरता दूरचा राहिलेला नाही. युवकांमध्ये हा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. "चोरून घेणारे घेतातच. पकडले जातात ते बिचारे गरीब, नाहीतर बावळट. त्यापेक्षा सगळ्यांना सरळ परवानगी द्या, म्हणजे सगळे एका पातळीवर येतील." हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. चांगल्या विचारवंतांनीही ते मांडले आहे, म्हणून आज त्याचाच थोडा अभ्यास करू या.

त्यावेळी ऑक्सफर्ड विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले ज्युलियन सॅव्ह्युलेस्कू आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली ब्रिटनमधील एका क्रीडावैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. निसर्ग स्वतःच पक्षपाती आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी फिनलंडच्या एरो मँटिरांटा या बर्फावर घसरण्याच्या शर्यतीतील खेळाडूचे उदाहरण दिले. या गृहस्थांनी १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. पुढे कळले की त्यांच्या घराण्यातच एक जन्मजात बदल होता, ज्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी इतरांपेक्षा पुष्कळ जास्त तयार होत. तांबड्या पेशी जास्त म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त. मग जन्माने मिळाले ते चालते आणि इंजेक्शनने मिळवले ते चालत नाही, हे कसे? उंच डोंगरावर राहून किंवा विरळ हवेच्या तंबूत झोपूनही रक्त वाढवता येते आणि त्याला बंदी नाही. तेव्हा औषध शोधत बसण्यापेक्षा खेळाडूची प्रकृती तपासा, रक्त धोक्याइतके दाट नसेल तर त्याला खेळू द्या, असा त्यांचा उपाय.

आम्हांला हा युक्तिवाद प्रामाणिक वाटतो. परंतु हा उपाय काही अंशी करून पाहिलेला आहे आणि त्याचे काय झाले ते सायकलिंगच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे मुळात आपल्या मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक. डायलिसिसवरील रुग्णांच्या नातेवाइकांना हे इंजेक्शन ओळखीचे असेल, कारण किडनी निकामी झाली की रक्त कमी होते आणि ते भरून काढायला हे औषध देतात. आजाऱ्यासाठी तो आशीर्वादच. १९९० नंतर ते धडधाकट सायकलपटूंच्या दंडात जाऊ लागले. त्यावेळी ते पकडण्याची चाचणीच नव्हती. ऑलिंपिकमध्ये ती २००० साली सिडनीला आली. तोवर काहीतरी करायला हवे म्हणून जागतिक सायकलिंग संघटनेने १९९७ साली एक मर्यादा घातली. पुरुष स्पर्धकाच्या रक्तातील पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेले तर त्याच्या आरोग्यासाठी त्याला दोन आठवडे शर्यतीबाहेर ठेवायचे.

परिणाम असा झाला की ५० ही धोक्याची खूण न राहता गाठायचा आकडा बनला. संघाचे डॉक्टर रक्त मोजण्याचे यंत्र घेऊन हॉटेलात उतरू लागले. तपासनीस दारात आले की सलाईन लावून रक्त पातळ करायचे, हीही युक्ती निघाली. आणि समानतेचे काय? ज्याचे प्रमाण जन्मतः ४१ त्याला औषधाने ९ चा लाभ, ज्याचे ४८ त्याला फक्त २ चा. म्हणजे घामाने कमावलेले एकीकडे राहिले आणि कोणाच्या शरीराला औषध अधिक मानवते, कोणाचा डॉक्टर अधिक हुशार, यावर निकाल लागू लागले. १९९९ साली इटलीचा मार्को पंतानी आपल्या देशाची मोठी शर्यत जवळजवळ जिंकल्यात जमा असताना ५२ टक्क्यांवर सापडला आणि बाहेर काढला गेला. तो त्यातून मनाने कधी सावरलाच नाही. २००४ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, एका हॉटेलच्या खोलीत कोकेनच्या अतिसेवनाने त्याचा अंत झाला. लान्स आर्मस्ट्राँगची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याची सातही विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली.

तेव्हा मर्यादा घालून परवानगी दिली तरी मर्यादेपलीकडे जाणारे राहतातच, चाचण्याही कराव्या लागतातच. फक्त सर्वांना सुई टोचून घ्यावी लागते, एवढाच काय तो फरक.

आता दुसरा मुद्दा. सज्ञान माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हे सांगणारे आपण कोण? ही कल्पना आता लेखापुरती राहिलेली नाही. उत्तेजके घेऊनच उतरायचे अशा 'एन्हान्स्ड गेम्स' नावाच्या स्पर्धेची घोषणा २०२३ साली झाली आणि २०२६ च्या मे महिन्यात ती अमेरिकेत लास व्हेगासला भरवण्याचे २०२५ साली ठरले. एका जलतरणपटूला जागतिक विक्रमापेक्षा कमी वेळेत पोहल्याबद्दल दहा लाख डॉलर दिल्याचेही संयोजकांनी जाहीर केले. हे सारे वैद्यकीय देखरेखीखाली, स्वखुशीने, असे सांगण्यात आले. आम्हांला त्यातली एक गोष्ट अधिक बोलकी वाटली. याच कंपनीने सर्वसामान्य ग्राहकांना असली औषधे विकण्याचा व्यवसायही मांडला. म्हणजे तरण तलावातले ते सज्ञान वीर जाहिरातीसाठी, आणि गिऱ्हाईक आपण!

'स्वखुशी' हा शब्द खेळात किती टिकतो, हे पाहायचे तर पूर्व जर्मनीकडे वळावे लागेल. त्या देशाने १९७४ साली आपल्या खेळाडूंना उत्तेजके देण्याची गुप्त सरकारी योजना आखली. कागदपत्रांत तिचा क्रमांक होता १४.२५. ओरल-ट्युरिनाबोल या पुरुषी संप्रेरकासारख्या औषधाच्या लहान निळ्या गोळ्या प्रशिक्षक मुलींच्या हातावर ठेवीत आणि त्या जीवनसत्त्वाच्या आहेत असे सांगत. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या जलतरणातील १३ पैकी ११ सुवर्णपदके पूर्व जर्मनीने नेली. जगाने तोंडात बोटे घातली. मुलींचे आवाज मात्र घोगरे झाले होते, अंगावर केस येऊ लागले होते, पाळी बिघडली होती. यांतले काही बदल औषध थांबवले तरी परत फिरत नाहीत.

हायडी क्रिगर ही गोळाफेक करणारी मुलगी. क्रीडाशाळेत असताना, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, तिला या गोळ्या सुरू झाल्या. १९८६ साली श्टुटगार्टला ती युरोपची विजेती झाली. ज्या सांध्यांनी आणि पाठीने ते वजन पेलले त्यांनी काही वर्षांतच दगा दिला आणि तिचा खेळ संपला. पुढे १९९७ साली शस्त्रक्रिया करून तिने पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली आणि आंद्रेआस हे नाव घेतले. आपल्याला असे काही आधीपासून वाटत होते, पण तो निर्णय आपला आपण घेण्याची संधी त्या गोळ्यांनी हिरावून घेतली, असे आंद्रेआस क्रिगर सांगत आले आहेत. त्यांचे ते सुवर्णपदक आज उत्तेजकांविरुद्ध लढणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या जर्मनीतील एका सन्मानचिन्हाचा भाग आहे.

२००० साली बर्लिनच्या न्यायालयात क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड ह्योपनर यांच्यावर खटला चालला. दोघेही दोषी ठरले, पण शिक्षा स्थगित झाल्या. तुरुंगात कोणी गेले नाही. जर्मनीच्या संसदेने २००२ साली आणि पुन्हा २०१६ साली कायदा करून पीडितांना प्रत्येकी सुमारे दहा हजार युरो देण्याची तरतूद केली. यकृत, हृदय, मणके आणि मातृत्व यांची ही किंमत.

कोणी म्हणेल, ती हुकूमशाही होती, आपल्याकडे सक्ती कोण करणार? बंधुभगिनींनो, एकदा परवानगी मिळाली की सक्तीला हुकूमशहा लागत नाही. शेजारच्या मार्गिकेतला मुलगा घेतो आहे आणि ते नियमात बसते, मग जो घेणार नाही त्याने घरी बसावे. अठरा वर्षांचा विजेता बाराव्या वर्षापासून घडत असतो; मग औषध अठराव्या वाढदिवसाची वाट पाहील का? कोवळ्या वयात स्टेरॉइड घेतले तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते आणि मुलाची उंची तिथेच खुंटते. बारा-चौदा वर्षांचे पोर काय संमती देणार? संमती देतात ते प्रशिक्षक आणि आईबाप.

आपल्या देशाचे चित्र पाहिले तर ही भीती कल्पनेतली वाटत नाही. २०२४ साली भारताच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे 'नाडा'ने, ७,११३ नमुने घेतले. त्यांपैकी २६० दोषी निघाले. त्याच वर्षी चीनने चोवीस हजारांवर नमुने तपासले, तेथे दोषी ४३. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत आपला पहिला क्रमांक लागला, आणि तोही पहिल्यांदा नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत 'नाडा'चे लोक आल्याचे कळताच धावपटू पांगले. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच जण उभा राहिला. ज्युनियर गटातली एक मुलगी अंतिम रेषा ओलांडून तशीच धावत सुटली आणि अधिकाऱ्याला तिच्यामागे पळावे लागले. स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया पडलेल्या होत्या. वाचताना हसू येते, पण ती मुलगी कोणाची तरी लेक आहे.

तिला एवढी घाई कशाची? आपल्याकडे पदकाला नोकरी जोडलेली आहे. रेल्वे, सैन्य, पोलीस यांत खेळाडूंची भरती होते. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. या सोयी चांगल्या आहेत, त्या राहाव्यात. परंतु ज्या घरात एका पदकावर सगळ्यांची भाकरी ठरते, तिथे परवानगीचा अर्थ काय होईल? श्रीमंताच्या मुलाजवळ डॉक्टर असेल. गरिबाच्या मुलाजवळ जिमच्या काउंटरवरची बिनलेबलाची बाटली असेल. आमचा विरोध मुख्यतः या जागी आहे.

ख्रिस्तसभेने खेळाला कधी परके मानलेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे स्वतः डोंगर चढणारे आणि बर्फावर घसरणारे. २००० सालच्या ज्युबिलीत, २९ ऑक्टोबरला, त्यांनी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळाडूंसमवेत मिस्सा अर्पण केली आणि क्रीडाजगताला आत्मपरीक्षण करायला सांगितले. कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात (परिच्छेद २२८९) शरीराची काळजी घेण्यास सांगितले आहे, पण शरीराची मूर्ती करून खेळातील यशासाठी सर्वस्व वाहण्यास नकार दिलेला आहे. २०१८ साली व्हॅटिकनने खेळावर एक दस्तऐवज काढला. त्यात उत्तेजकांचा दोष एकट्या खेळाडूच्या माथी मारलेला नाही. संघटना, प्रशिक्षक, डॉक्टर, पैसा पुरवणारे आणि विक्रमांसाठी हपापलेले प्रेक्षक, सर्वांना त्यात ओढले आहे. त्यात आपणही आलो.

संत पौल करिंथकरांना शर्यतीचा दाखला देतात, तो आपण मिस्सेत अनेकदा ऐकतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:५) मात्र ते आणखी एक साधी गोष्ट सांगतात : नियमांप्रमाणे खेळल्याशिवाय मुकुट नाही. नियम माणसांनी केलेले असतात आणि बदलतातही. कॉफीतले कॅफीन एके काळी ठरावीक प्रमाणापुढे निषिद्ध होते. २००४ पासून ते यादीतून काढले. यादी दरवर्षी नव्याने निघते. पण आज जी आहे ती मान्य करून आपण प्रतिस्पर्ध्याशेजारी उभे राहतो, तो एक दिलेला शब्द असतो. मँटिरांटा यांचे ते रक्त त्यांना जन्माने मिळालेले होते.

आता घरातल्या माणसांसाठी थोडे. विरारच्या मैदानांतून वर आलेल्या पृथ्वी शॉला २०१९ साली क्रिकेट मंडळाने आठ महिने निलंबित केले. त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले, जे खोकल्याच्या साध्या औषधांत असते. त्याने ते नकळत घेतल्याचे मंडळानेही मान्य केले, तरी शिक्षा झालीच. २००३ च्या विश्वचषकातून शेन वॉर्नला घरी परतावे लागले. आईने दिलेली बारीक होण्याची गोळी घेतली, असे त्याने सांगितले होते. म्हणून मुलगा किंवा मुलगी जिल्हा, राज्य पातळीवर खेळत असेल तर डॉक्टरांकडे गेल्यावर ते आधी सांगावे. दम्यासारख्या आजारात निषिद्ध औषध खरोखरच लागत असेल तर ते अर्ज करून रीतसर घेता येते. तशी सोय नियमांतच आहे. औषधाचे नाव टाकून पाहण्यासाठी 'नाडा'ने मोबाइलवर अ‍ॅपही काढले आहे. आणि घरात प्रोटीनचा डबा आला असेल तर तो कोणत्या दुकानातून आणला, बिल आहे का, त्यावर काय लिहिले आहे, हे आईवडिलांनी विचारावे. मुले चिडतील. चिडू द्यावे.