जमिनीची तहान

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. खुरांखाली सतत तुडवली गेलेली जमीन आणि बांधावरच्या बाभळीखालची गवताळ जमीन, दोन्ही एकाच मातीच्या. परंतु पावसाची सर आली म्हणजे त्यांच्या वागणुकीत मोठा फरक पडतो. तो किती, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, मोजावे लागते.

त्यासाठी मौल्यवान उपकरणे नकोत. पत्र्याचा एक डबा दोन्ही तोंडांनी उघडा करून घ्यावा. (पत्र्याच्या कडा धारदार असतात, हे काम वडीलधाऱ्यांकडूनच करवून घेणे शहाणपणाचे.) डबा जमिनीत दोन बोटे खोल रोवावा, त्यात पाणी ओतावे आणि आत पट्टी उभी धरून पाण्याची पातळी टिपून घ्यावी. अर्ध्या तासाने ती किती मिलिमीटर उतरली, ते पाहावे. तुडवलेल्या जागी ती फारच थोडी उतरते. तेथे मातीच्या कणांमधील पोकळ्या दाबाने बुजलेल्या असतात. गवताखाली मात्र मुळांनी आणि गांडुळांनी पाण्यासाठी जणू वाटा कोरून ठेवलेल्या असतात.

काळ्या मातीत हा प्रयोग करणाराची फसगत होण्याचा संभव असतो. वैशाखात तिला हाताएवढ्या भेगा पडतात. पहिले पाणी त्यांत गडप होते आणि ही जमीन मोठी तहानेली आहे, असे वाटते. पण ओलावताच काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि दुसरे पाणी वर तसेच उभे राहते. म्हणून एकदाच पाणी ओतून वहीत निष्कर्ष लिहू नये. प्रत्येक जागी तीनदा तरी मोजावे, आणि जमीन कोरडी होती की ओली, याचीही नोंद करावी.

एवढा खटाटोप कशासाठी? महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. सह्याद्री ओलांडून येणाऱ्या ढगांत पाणी थोडेच उरते. काष्टीच्या बाजूस त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. शाळेचे पटांगण ४० मीटर लांब व २५ मीटर रुंद असेल, तर २० मिलिमीटरांच्या एका सरीत त्यावर २०,००० लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरांचे दोन टँकरच! ते मुरले तर विहिरीकडे जाते, न मुरले तर माती घेऊन ओढ्याला मिळते.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हा हिशेब साऱ्या शिवारासाठी मांडला. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या जिल्ह्यात, पुढे १९९० नंतर, पोपटराव पवार सरपंच असताना तेथील गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. शेतीसाठी कूपनलिका खणण्यासही त्यांनी मनाई केली. तेथे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते पीक घ्यावयाचे नाही, हे त्यावरून ठरवतात.