लिथियम : खाणीतले आणि भंगारातले

इ. स. १८१७ मध्ये स्टॉकहोम येथे बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आर्फवेडसन नावाचा तरुण पेटॅलाइट या खनिजाचे पृथक्करण करीत होता. घटकांच्या वजनांचा हिशेब काही केल्या जुळेना. जो अंश निसटत होता तो एका अज्ञात मूलद्रव्याचा आहे, असे त्याच्या ध्यानात आले. ते दगडात सापडले म्हणून ग्रीक भाषेतील दगडवाचक शब्दावरून त्याचे नाव लिथियम असे ठेवण्यात आले. हा धातू सर्व धातूंत हलका होय. त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ निम्मी आहे. त्याचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन फार सहजपणे सोडतो. या दोन गुणांमुळेच थोड्या वजनात पुष्कळ वीज साठविणाऱ्या विद्युत्‌घटांसाठी लिथियमची निवड झाली. अशा पुनर्भारणक्षम घटांचे व्यापारी उत्पादन जपानमध्ये १९९१ साली सुरू झाले, व त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विजेवर चालणाऱ्या एका मोटारीच्या घटमालेत, म्हणजे बॅटरीत, हा धातू काही किलोग्रॅमच असतो. परंतु मोटारी लक्षावधींनी तयार होऊ लागताच जगातील भांडवलदारांची दृष्टी लिथियमच्या खाणींकडे वळली.

या खाणी दोन प्रकारच्या आहेत. चिली देशातील आटाकामा येथील ‘खाण’ तर खाणीसारखी दिसतच नाही. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, जगातील अत्यंत कोरड्या प्रदेशात, मिठाचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्या मिठाच्या कवचाखाली अतिशय खारट पाणी साचलेले असते व त्यात वजनाच्या हजार भागांत एक-दोन भाग लिथियम असते. हे पाणी पंपाने उपसून उथळ वाफ्यांत पसरतात. कोकणकिनाऱ्यावरील मिठागरे किंवा कच्छच्या छोट्या रणातील आगरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की मिठागरात मीठ हवे असते व उरलेले पाणी टाकून देतात. येथे मीठ बाजूस सारून उरलेले पाणी जपतात. प्रथम साधे मीठ खाली बसते, मग पोटॅशियमचे क्षार. वर्षभराहून अधिक काळ ऊन खाल्ल्यावर लिथियमचे दाट द्रावण शिल्लक राहते. त्यात सोडा मिसळून ते तापविले म्हणजे लिथियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात. हा क्षार मात्र गरम पाण्यात कमी विरघळतो, आणि सारा कारखाना या उलट्या स्वभावावर चालतो.

उन्हाला दाम पडत नाही हे खरे; पण उडून जाते ते पाणीच. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या लिकान अंताई या मूळ रहिवाशांची तक्रार नेमकी हीच आहे. खारे पाणी उपसल्याने कडेच्या गोड्या झऱ्यांवर किती परिणाम होतो, याविषयी कंपन्या, शास्त्रज्ञ व गावकरी यांच्यात वाद आहे. तो वाद क्षुल्लक समजणे चूक ठरेल.

दुसरी रीत ऑस्ट्रेलियातील. तेथे स्पोड्युमीन नावाचा खडक फोडून, हजार अंशांहून अधिक सेल्सिअस उष्णतेत भाजून, गंधकाच्या आम्लाबरोबर शिजवितात. यास दिवस थोडे लागतात, परंतु इंधन फार लागते.

लिथियमच्या भावाची कथा कांद्याच्या भावाहून निराळी नाही. भाव चढला की सारे शेतकरी कांदा लावतात, आणि पीक एकदम बाजारात येताच भाव कोसळतो. चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये टनास सुमारे सहा लक्ष युआन होता. २०२३ संपताना तो एक लक्षाच्या आसपास आला. खाण उघडण्यास काही वर्षे व वाफा पिकण्यास वर्षभर लागत असल्यामुळे पुरवठा नेहमी उशिरा येतो, आणि येतो तो एकदम. समभाग घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी वाफ्यांचा हा विलंब हिशेबात धरला नव्हता, असे दिसते.

भंगारातून लिथियम काढण्याच्या उद्योगाचे नशीबही याच भावाला बांधलेले आहे. जुने घट प्रथम पूर्णपणे विसर्जित करावे लागतात; उरलेली वीज आग लावू शकते. नंतर ते सुटे करून दळतात. तांबे, ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक वेगळे काढल्यावर जी काळी भुकटी राहते, तीत निकेल, कोबाल्ट, लिथियम व ग्रॅफाइट असते. ही भुकटी भट्टीत वितळविली तर निकेल-कोबाल्ट हाती लागतात व लिथियम मळीत जाते. आम्लात विरघळविली तर एकेक धातू वेगळा करता येतो, आणि शेवटी पुन्हा तोच सोडा व तोच पांढरा साका. परंतु लोह-फॉस्फेटच्या घटांत निकेल-कोबाल्ट मुळीच नसतात. तेव्हा लिथियम स्वस्त झाले की असे घट फोडण्याची मजुरीही सुटेनाशी होते. शिवाय मोटारीची घटमाला दहा-बारा वर्षे सहज टिकते, म्हणून पुरेसे भंगार अद्याप येऊ लागलेलेच नाही. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात २०२१ साली आलेल्या ली-सायकल या कॅनडातील कंपनीने रॉचेस्टर येथील आपल्या मोठ्या कारखान्याचे काम खर्च फुगल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबविले, व मे २०२५ मध्ये तिला धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागावे लागले.

भारताची स्थिती पाहता भंगाराचा मार्ग सोडून देता येण्यासारखा नाही. जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात ५९ लक्ष टन अनुमानित साठा असल्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले, तेव्हा वृत्तपत्रांत मोठा गाजावाजा झाला. हा आकडा कच्च्या खनिजाचा होता, धातूचा नव्हे. त्यातून चिकणमातीसारख्या थरांतून लिथियम काढण्याची रीत जगात अजून रुळलेली नाही. पुरेसे पात्र बोलीदार न मिळाल्याने तेथील लिलाव २०२४ मध्ये रद्द करावा लागला. छत्तीसगडमधील कटघोरा येथील क्षेत्र मात्र त्याच वर्षी लिलावात गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातील काटामार्का प्रांतात पाच क्षेत्रांच्या शोधाचे हक्क ‘काबिल’ या सरकारी कंपनीने मिळविले. या सर्व ठिकाणांहून माल येण्यास वर्षे जावी लागतील.

२०२२ च्या नियमांनुसार भारतात घट विकणाऱ्या उत्पादकावरच ते परत गोळा करण्याची जबाबदारी आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुर्मीळ खनिजांच्या पुनर्प्राप्तीसाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तरीही घट प्रथम पोहोचतो तो बहुधा भंगारवाल्याच्या हातात. शिशाची जुनी बॅटरी तो नित्य फोडतो. तिच्यात काय आहे हे त्याला ठाऊक असते. लिथियमची पेटी मात्र बाहेरून पाहून निकेलची की लोहाची, भारित की रिकामी, हे कोणालाच सांगता येत नाही. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून मोटारीच्या प्रत्येक बॅटरीवर तिच्या आतील द्रव्यांची माहिती देणारी खूण बंधनकारक होणार आहे, ती याच कारणासाठी.