आधी ताईच्या बचत गटाचं रजिस्टर

रिअ‍ॅक्ट आधी शिकू, नोड शिकू, की सरळ पायथॉनच धरू, असं तू विचारलंस. मावशी म्हणून सांगते, आधी काय बनवायचं ते ठरव. काय शिकायचं ते त्यातून आपोआप पुढे येतं. आणि बनवायचं काय, तेही मीच सांगते: तुझ्या आईच्या बचत गटाचं रजिस्टर.

पंधराएक बायका, महिन्याची बैठक, प्रत्येकीची ठरलेली बचत, कुणाला दिलेलं अंतर्गत कर्ज, त्याचा हप्ता, हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती. सुरुवातीला वेबचं जे शिकायला हवं, ते सगळं एवढ्यात येतं. समोर फॉर्म, मागे हिशेब, त्याच्याही मागे साठवण. शिवाय वापरणारी माणसं खरी आहेत आणि घरातलीच आहेत. व्हिडिओ बघून केलेलं टू-डू लिस्टचं अ‍ॅप कुणी वापरत नाही, म्हणून त्यातली चूकही कुणी दाखवत नाही. ताई दाखवेल.

पहिला आठवडा लॅपटॉप उघडूच नकोस. ताईचं जुनं रजिस्टर घेऊन बस आणि कागदावर टेबलं आख: सभासद, बैठक, बचत, कर्ज, परतफेड. कुठलं टेबल कुठल्याला कशाने जोडलंय ते बाण काढून दाखव. नवशिकी मुलं सगळ्यात कमी वेळ इथेच देतात आणि पुढे महिनोन् महिने त्याची किंमत मोजतात. एक मात्र पक्कं ठरव, ‘शिल्लक’ नावाचा रकाना ठेवायचा नाही. शिल्लक नोंदींच्या बेरजेतून काढायची. रकाना ठेवलास की कधीतरी त्याच्यात आणि नोंदींत फरक पडतो, आणि मग खरं कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही. चुकलेली नोंद पुसायचीही नाही, तिची उलट नोंद करायची. चांगले हिशेबनीस पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत.

मग एचटीएमएल. साधा फॉर्म, जावास्क्रिप्टशिवाय. फॉर्म सर्व्हरकडे पाठवायला ब्राउझरला जावास्क्रिप्ट लागत नाही, हे कित्येक शिकणाऱ्यांना ठाऊकच नसतं. सर्व्हरसाठी नोड आणि एक्सप्रेस घे, कारण तीच भाषा पुढे ब्राउझरमध्येही लागणार आहे. पायथॉन आधीच येत असेल तर फ्लास्क किंवा जँगो घे. पण एकदा घेतलंस की बदलू नकोस. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट पुरे. सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो, वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही. एसक्यूएल मात्र हाताने लिही, जॉइन आणि ग्रुप बाय बोटांत बसेपर्यंत. डेटा टेबलांत मांडायचा हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. टिम बर्नर्स-ली यांचं पहिलं संकेतस्थळ १९९१ सालचं. रिअ‍ॅक्ट सगळ्यांसाठी खुली झाली २०१३ मध्ये, आणि उद्या तिच्या जागी दुसरं काही येईलही. एसक्यूएल आणि एचटीटीपी इतक्यात कुठे जात नाहीत. तुझा वेळ या हिशेबाने वाट.

आता सगळ्यात मोलाचं. क्रोममध्ये एफ१२ दाब, नेटवर्कचा टॅब उघड आणि ‘बचत नोंदवा’ हे बटण दाबल्यावर काय होतं ते बघ. ब्राउझरने काय पाठवलं, कुठे पाठवलं, सर्व्हरने कोणता आकडा परत दिला. ४०४ आलं तर त्या पत्त्यावर काही सापडलं नाही. ४०१ म्हणजे तू कोण ते सर्व्हरला कळलं नाही, ४०३ म्हणजे विनंती कळली, पण परवानगी नाही. ५०० आलं तर ब्राउझरमध्ये शोधत बसू नकोस, सर्व्हरचा लॉग वाच. बटणापासून डेटाबेसच्या ओळीपर्यंत आणि तिथून परत, असा एका क्लिकचा सगळा प्रवास तुला न अडखळता कागदावर लिहिता आला, की तू फुल स्टॅक शिकलीस असं मी म्हणेन. एरर आली तरी ती घाईने दुसरीकडे चिकटवू नकोस, आधी वाच. नोडमध्ये मुख्य निरोप वरच्या ओळींत असतो, पायथॉनमध्ये सर्वांत शेवटच्या ओळीत. मग उरलेल्या ओळींतून तुझ्या स्वतःच्या फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक शोध.

मराठीतल्या काही अडचणी इंग्रजी कोर्समध्ये सहसा सांगत नाहीत, त्या नीट ऐक. गटातली एखादी बाई रक्कम देवनागरीत टाइप करेल, ‘५००’. जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन त्याला आकडा मानत नाही, ‘नॅन’ परत देतं. पायथॉनचं इंट मात्र बरोबर पाचशे देतं. म्हणून आलेले अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घे. कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे ही आडनावं यादीत दिसतात आणि शोधली की सापडत नाहीत, असंही होईल. तो ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही, तेव्हा साठवतानाच आणि शोधतानाही तू ते एका रूपात आण. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर, युनिकोडला तीन खुणा आणि यूटीएफ-८ मध्ये ९ बाइट. नावाच्या रकान्याची लांबी ठरवताना हे लक्षात ठेव.

रक्कम पैशांत, पूर्णांकात साठव. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि गटाच्या हिशेबात एक रुपया हलला तरी कुजबुज सुरू होते. व्याज कुठे पूर्ण रुपयात धरायचं, हे तू ठरवू नकोस, बैठकीत विचार.

सुरक्षेचं थोडक्यात सांगते, पण हलक्यात घेऊ नकोस. ब्राउझरमधली तपासणी वापरणारीच्या सोयीसाठी असते, ती कुणीही चुकवू शकतं, म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपास. बाहेरून आलेला मजकूर एसक्यूएलच्या ओळीत जोडायचा नाही, पॅरामीटरनेच द्यायचा. पासवर्ड बीक्रिप्टने किंवा आर्गॉन२ ने हॅश करूनच ठेवायचे. गिट पहिल्या दिवसापासून वापर, पण एपीआय की कोडमध्ये लिहू नकोस. गिटहबवर एकदा गेलेली की फाइलमधून पुसली तरी जुन्या कमिटमध्ये राहते, मग ती रद्द करून नवीच घ्यावी लागते. आणि चाचणीसाठी गटातल्या बायकांची खरी नावं, खरी कर्जं घालू नकोस. कुणाच्या घरात केव्हा किती अडचण होती, हे त्या रजिस्टरात लिहिलेलं असतं.

एआयची मदत घे, सगळेच घेतात. या पहिल्या अ‍ॅपपुरती एक अट पाळ. जी ओळ तुला मला तोंडी समजावता येत नाही, ती ठेवायची नाही. ‘हे का चालत नाही’ असं त्याला विचार, ‘हे लिहून दे’ असं नको.

इंग्रजीला बिचकू नकोस. मोझिलाचं एमडीएन विनामूल्य आहे, रोज त्यातलं एक पान वाच. डॉक्युमेंटेशनचं इंग्रजी मोजक्या शब्दांतच फिरतं, थोड्या दिवसांत सवय होते. फ्रीकोडकॅम्पही फुकट आहे. नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्या क्लाससाठी मात्र घरातून कर्ज काढायचं नाही, हे मी ताईलाही सांगणार आहे.

अ‍ॅप अर्धवट असतानाच इंटरनेटवर चढव. डोमेन, एचटीटीपीएस, सर्व्हर बंद पडणं, हे सगळं शेवटी शिकायचं ठेवलं तर राहूनच जातं. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. तुझ्या लॅपटॉपवर सुरेख दिसलं म्हणून थांबू नकोस, ताईच्या फोनवर, अंगणातल्या उन्हात आणि रेंज कमी असताना उघडून बघ. डेटाचा बॅकअप घे आणि तो दुसऱ्या जागी परत चढवून खात्री कर.

मग एका बैठकीला फोन ताईच्या हातात दे आणि तू मागे बस. मध्ये बोलू नकोस. तिचं बोट कुठे थांबलं, कुठला शब्द तिने दोनदा वाचला, ते वहीत लिही आणि घरी येऊन तेवढंच दुरुस्त कर. कागदी रजिस्टर निदान सहा महिने सोबत चालू ठेवायला सांग आणि दर बैठकीला दोन्हींची बेरीज ताडून बघ. जुळली नाही तर मला फोन कर, रात्र झाली असली तरी चालेल.