धुराड्याची ओढ

धुराड्याची चूल बसविली म्हणजे धूर आपोआप बाहेर जातो, असा पुष्कळांचा समज असतो. आमचाही होता. आम्ही नळाचे चार पैसे वाचवून तो वळचणीच्या किंचित वर थांबविला; वारा सुटला की सारा धूर उलट स्वयंपाकघरात येई. महिन्याभरात घरच्या मंडळींनी जुनी चूल पुन्हा मांडली, व त्यांना दोष देण्यास आम्हांस तोंड नव्हते.

तापलेली हवा हलकी होऊन नळातून वर चढते, आणि तिची जागा घ्यावयास चुलीच्या तोंडातून नवी हवा आत शिरते. हीच ओढ. यास्तव नळ जितका उंच व आतून ऊन, तितकी ती अधिक. वारा आढ्यावरून ओलांडून पलीकडे खाली वळतो. म्हणून नळाचे तोंड आढ्याहून निदान २ फूट वर असावे, आणि वाकणे होता होईल तो टाळावीत. छपराचे गवत मात्र नळापासून दूर राखावे. पहाटे नळ गार असतो. तेव्हा प्रथम त्याच्या बुडाशी मूठभर सुके पाचट पेटवावे, मग लाकडे लावावीत. थंडीत दारेखिडक्या गच्च लावून बसल्यास उत्तम धुराडेही ओढीत नाही.

अति ओढही नको. आच भांड्यास न लागता नळातून निघून जाते. त्याकरिता नळात पत्र्याची सरकती झडप ठेवावी, परंतु निखारे असेपर्यंत ती पुरी लावू नये. त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्यास वासही नाही, आणि निजलेली माणसे त्याने दगावतात.

आम्ही पुढे नळ वाढविला. आता काजळी तेवढी महिन्यास काढावी लागते. ते काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे.