विमानामागचा धूर : होगे की मंजू?

(बी. कॉम. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याकडून)

निपाणीच्या माणसाला धुराचे नवल ते काय! आमचे गाव तंबाखूचे. कन्नडमध्ये तर तंबाखूला नावच 'होगेसोप्पू', म्हणजे धुराचा पाला. तरीसुद्धा २०२५ च्या फेब्रुवारीत बंगळूरजवळ येलहंका येथे 'एअरो इंडिया' भरले होते, तेव्हा धुरावरूनच आमच्या घरी वाद झाला. टीव्हीवर वायुदलाच्या 'सूर्यकिरण' पथकाच्या विमानांनी आभाळात केशरी, पांढरे आणि हिरवे पट्टे ओढले. आम्ही मुले टाळ्या वाजवीत होतो. काकांचा तंबाखूची पोती वाहणारा टेम्पो आहे. हा धूर डिझेलचा असतो हे त्यांनी कोठेतरी ऐकले होते. ते म्हणाले, "आमी हितं लिटरमागं बारा किलोमीटर काढाय मरतोय, आनि हे आभाळात डिझेल शिंपडाय लागल्यात!"

काकांचा आक्षेप हिशेबाचा होता आणि मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. उत्तर देणे भाग होते. म्हणून थोडे वाचन केले, विज्ञान शाखेच्या मित्रांना छळले, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट अशी की हा धूर 'धूर' नव्हेच. लाकूड किंवा विडी जळते तेव्हा होणारा धूर हा जळण्यातून निघतो. विमानामागच्या पट्ट्यात मात्र डिझेल जळू द्यायचे नसते. जेट इंजिनाच्या मागच्या तोंडातून अतिशय तापलेला वायू प्रचंड वेगाने बाहेर पडत असतो. त्या तोंडापाशीच बारीक नळीतून डिझेल सोडतात. ते क्षणात तापून त्याची वाफ होते. परंतु पेट घेण्याइतका अवधी मिळण्यापूर्वीच ती वाफ मागच्या थंड हवेत फेकली जाते आणि गोठून तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. हे थेंब सूर्यप्रकाशातले सर्व रंग सारखेच विखुरतात, म्हणून पट्टा पांढराशुभ्र दिसतो. पहाटे वेदगंगेवर धुके उतरते ते पाण्याच्या थेंबांचे. हे डिझेलच्या थेंबांचे. आमच्या मासिकाच्या कन्नड विभागातला माझा मित्र म्हणाला, "मग ते होगे नाही, मंजू आहे." मंजू म्हणजे धुके. सबंध लेखात मी जे सांगू पाहतो ते त्याने एका शब्दात सांगून टाकले!

याची घरगुती साक्षही आहे. थंडीत सकाळी काका टेम्पो सुरू करतात तेव्हा पहिली दोन-तीन मिनिटे मागून पांढरट लोट येतो आणि डोळे चुरचुरतात. इंजिन गार असल्यामुळे न जळलेले डिझेल वाफ होऊन बाहेर येते व हवेत त्याचे थेंब होतात. उलट पोती भरून तवंदीचा घाट चढताना निघतो तो काळा धूर. ती अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. विमानाला हवा असतो तो सकाळचा पांढरा लोट, घाटातला काळा नव्हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेळगाव परिसरात हिवाळ्यात फार उंचावरून जाणाऱ्या प्रवासी विमानामागे पांढरी रेघ दिसते. तिला कोणी तेलगळती म्हणतो, कोणी फवारणी. ती रेघ कोणी मुद्दाम काढलेली नसते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि त्या उंचीवर हवा उणे चाळीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असल्यामुळे वाफेचे हिमकण बनतात. सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानामागे ती रेघ दिसत नाही, कारण खालची हवा तेवढी थंड नसते. म्हणूनच जमिनीलगतच्या कवायतींसाठी डिझेल सोबत न्यावे लागते.

आता रंगांविषयी. डिझेलमध्ये रंगद्रव्य विरघळवले की थेंबही रंगीत होतात. परंतु ते द्रव्य एवढ्या उष्णतेत टिकणारे असावे लागते. शिवाय रंगीत पट्टा पांढऱ्याइतका उठून दिसत नाही. ऊन नसेल तर केशरी रंग मळकट वाटतो. मराठी वाचकांना बरे वाटेल अशी गोष्ट म्हणजे सूर्यकिरणच्या विमानांवर हे तिरंगी पट्टे काढणारी टाकी वायुदलाच्या नाशिक येथील दुरुस्ती डेपोत तयार झाली. हे पथक १९९६ साली आपल्याच राज्यातल्या बीदर येथे स्थापन झाले, जेथे आमच्यासारखीच मराठी-कन्नडची सरमिसळ आहे आणि वर उर्दूही. २०११ पर्यंत ते 'किरण' विमाने उडवीत असे. मग काही वर्षे ते बंद राहिले आणि २०१५ पासून 'हॉक' विमानांवर पुन्हा उभे राहिले. आता नऊ विमाने एकत्र उडतात.

काकांच्या हिशेबाकडे वळू. ब्रिटनचे 'रेड ॲरोज' पथकही हॉक विमानेच वापरते आणि त्यांच्या टाकीचे आकडे प्रसिद्ध आहेत. टाकीत ७० गॅलन डिझेल आणि लाल व निळ्या रंगाचे मिश्रण १०-१० गॅलन. यातून पाच मिनिटे पांढरा आणि एकेक मिनिट लाल व निळा पट्टा निघतो. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा. म्हणजे ७० गॅलनचे सुमारे ३१८ लिटर, आणि पाच मिनिटांचे ३०० सेकंद. एका विमानामागे सेकंदाला एक लिटरहून किंचित अधिक! नऊ विमानांचे साडेनऊ लिटर. काकांचा टेम्पो एवढ्यात निपाणीहून कोल्हापूरला जाऊन परत येईल आणि वर डिझेल उरेल. हा आकडा सांगितल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण याच आकड्यातून दुसरी बाजू दिसते. कार्यक्रम वीस-पंचवीस मिनिटांचा आणि पट्टा सारा मिळून सात मिनिटांचा. त्यामुळे म्होरक्याच्या हुकमाबरोबर पट्टा सुरू आणि हुकमाबरोबर बंद. हात सैल सोडला तर शेवटच्या कवायतीला टाकी रिकामी.

आणि ही सात मिनिटे नुसत्या शोभेची नसतात. समोरासमोरून येऊन एकमेकांना निसटते ओलांडणारी दोन विमाने घ्या. प्रत्येकाचा वेग ताशी ६०० किलोमीटर धरला तर त्यांच्यातले अंतर ताशी १२०० किलोमीटरने घटते. पाच किलोमीटर अंतर पंधरा सेकंदांत संपते. हॉकच्या पंखांचा पसारा जेमतेम दहा मीटर. पाच किलोमीटरवरून तो हातभर अंतरावरच्या मोहरीएवढा दिसणार. त्या मोहरीमागे पांढरी रेघ असली तर समोरच्या वैमानिकाला ती सापडते. वारा कोणीकडे आणि किती वाहतो हेही पट्टा सरकतो त्यावरून कळते. २०१९ च्या एअरो इंडियाच्या आदल्या दिवशी सरावात सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक प्राणास मुकला. पट्टा असला म्हणजे अपघात टळतोच असे नाही. पण जेथे चूक सुधारायला एखादाच सेकंद मिळतो, तेथे लिटरभर डिझेल महाग म्हणण्याची माझी छाती नाही.

जाता जाता आमच्या शाखेच्या कामाची एक गोष्ट. हा धूर फार लवकर बाजारात उतरला. १९२२ साली इंग्लंडमध्ये डर्बीच्या घोडशर्यतीला जमलेल्या गर्दीवर सिरिल टर्नर या वैमानिकाने धुराने 'डेली मेल' या वृत्तपत्राचे नाव लिहिले. जाहिरातीच्या प्रकरणात आम्ही भिंत, वर्तमानपत्र, रेडिओ इतके शिकतो. वाऱ्याबरोबर काही मिनिटांत पुसली जाणारी जाहिरात मात्र आमच्या पुस्तकात नाही.

हे सारे मी काकांना एका रविवारी सकाळी समजावून सांगितले. ते टेम्पो सुरू करीत होते. मागून नेहमीचा पांढरा लोट निघाला, काकू दारातून ओरडल्या, आणि काका मला म्हणाले, "म्हंजे आमचा टेम्पो रोज सकाळी एअर शो करतोय म्हन की!"