कमानीचे बळ

भिंतीवरील घड्याळाला किल्ली दिली म्हणजे हाताने केलेले श्रम त्याच्या कमानीत, म्हणजेच स्प्रिंगमध्ये, साठून राहतात आणि पुढे कित्येक दिवस थोडेथोडे खर्च होऊन काटे फिरवितात. काही साधनांत मात्र ही साठवण एका क्षणात मोकळी केली जाते. एअरसॉफ्ट बंदूक हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय. खासगी शस्त्रांवर कडक निर्बंध असलेल्या जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात ही बंदूक खेळासाठी तयार होऊ लागली. तिच्यातून ६ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी सुटते. मूळची कमान काढून तिच्या जागी अधिक ताठ कमान बसविण्याचा मोह पुष्कळ खेळाडूंना होतो. या बदलाने नेमके काय घडते, हे पाहण्यास पदार्थविज्ञानाचे दोन नियम पुरेसे आहेत.

यंत्राची रचना

जपानमधील तोक्यो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये विद्युत्-मोटरीवर चालणारी अशी बंदूक बाजारात आणली. या प्रकारात मोटर दंतचक्रे फिरविते. त्यांपैकी शेवटच्या चक्राच्या घेराच्या काही भागावरच दात असतात. हे दात दट्ट्याला मागे खेचून कमान दाबतात. दात संपताच दट्ट्या सुटतो, नळकांड्यातील हवा जोराने पुढे रेटतो आणि ती हवा गोळीला नळीबाहेर लोटते. कमान गोळीला स्पर्शही करीत नाही. तिची ऊर्जा हवेच्या द्वारा गोळीपर्यंत पोहोचते.

पहिला नियम

कमान जितकी अधिक दाबावी तितका तिचा विरोध त्याच प्रमाणात वाढतो. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. यावरून असे निघते की, मोकळी कमान दुप्पट दाबली असता तिच्यात साठणारी ऊर्जा चौपट होते. कमानीचा ताठरपणा तारेच्या जाडीवर फार अवलंबून असतो. धातू, वेटोळ्यांची संख्या व त्यांचा व्यास तोच ठेवून तार केवळ एक दशांशाने जाड केली, तरी ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन कमानींच्या बळात मोठे अंतर असू शकते.

दुसरा नियम

गोळीची गतिज ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बाजारात या कमानी एम-९०, एम-१००, एम-१२० अशा नावांनी मिळतात. ०.२० ग्रॅम वजनाच्या गोळीला दर सेकंदास साधारणतः किती मीटर वेग मिळेल, हे त्या आकड्यावरून समजते. हिशेब केल्यास ऊर्जा अनुक्रमे ०.८१, १.०० व १.४४ जूल येते. एम-९० च्या जागी एम-१२० बसविली तर वेग एक तृतीयांशाने वाढतो. ऊर्जा मात्र पाऊणपटीहून अधिक वाढते.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. बदल केलेल्या अशा बंदुकांनी मोटारींवर गोळ्या झाडल्याच्या घटना जपानमध्ये २००५ मध्ये घडल्या. त्यानंतर २००६ मध्ये तेथील कायद्यात दुरुस्ती होऊन ६ मिलिमीटरच्या गोळीसाठी सुमारे ०.९८ जूल ही मर्यादा ठरली. म्हणजे तेथे एम-१०० ही कमानदेखील मर्यादेच्या काठावरची ठरते.

इतर भागांवर पडणारा भार

ताठ कमान दाबण्यास मोटरीला अधिक विद्युत्प्रवाह लागतो. ती तापते आणि गोळ्या सुटण्याची गती मंदावते. दट्ट्याचे दात झिजतात वा तुटतात. दट्ट्या नळकांड्याच्या पुढील टोकावर प्रत्येक वेळी अधिक जोराने आदळत असल्याने यंत्रपेटीला तडा जाण्याचा संभव असतो. यास्तव कमान बदलताना दट्ट्या, दंतचक्रे व मोटर हे सर्व भाग नव्या भारास योग्य आहेत किंवा नाहीत, हे तपासावे लागते. पुष्कळदा वेग घटण्याचे कारण कमान नसून दट्ट्याभोवतीच्या झिजलेल्या रबरी कड्यातून निसटणारी हवा हे असते. ते कडे बदलले असता जुनीच कमान पूर्ववत् काम देते.

दक्षता

दाबलेली कमान हीदेखील भरलेल्या शस्त्रासारखीच समजावी. पेटी उघडण्यापूर्वी गोळ्या व विद्युत्-घट काढून घ्यावेत, कमानीवरील ताण उतरवावा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवावा. हे काम जाणत्या प्रौढ व्यक्तीनेच करावे. काम संपल्यावर गोळीचा वेग वेगमापक यंत्राने मोजल्याखेरीज बंदूक खेळात वापरू नये. एक जूलाहूनही कमी ऊर्जेची गोळी उघड्या डोळ्यास कायमची इजा करू शकते.

कमान स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. मोटरीने दिलेली ऊर्जा ती साठविते आणि परत करते. तिचे बळ वाढविले की तो भार यंत्रातील प्रत्येक भागाला, आणि अखेरीस समोर उभ्या असलेल्या खेळाडूला, सोसावा लागतो.